वाशिमचं ऊन, मालवणचं शेवाळ

‘होळीला कुठे?’
‘वाशिमला.’
‘वॉव! वाशीला? मॉलमध्ये?’

ऑफिसात हा संवाद माझ्या वाट्याला वर्षातून चार वेळा येतो. वाशी नव्हे, वाशिम! विदर्भात, अकोल्याच्या खाली, हिंगोलीच्या वर. १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झालेला जिल्हा. समुद्र नाही, डोंगरांचा थाट नाही, कॉफीच्या कपावर नाव चुकवून लिहिणारं कुणी नाही. आहे ती काळी माती, सोयाबीन, तूर आणि ऊन. मार्चपासूनच असं ऊन, की पुण्यातला माणूस दुपारी एकला घराबाहेर डोकावतो आणि पुन्हा आत येऊन गपचूप माठापाशी उभा राहतो.

यंदा मात्र मी त्या उन्हासाठीच चालले होते. आणि माझ्या सॅकमध्ये एक चमत्कारिक डबा होता. मालवणच्या किनाऱ्यावर वाहून आलेलं, घरी आणून धुतलेलं आणि वाळवलेलं तपकिरी समुद्री शेवाळ! शास्त्रीय नाव सारगॅसम. डबा उघडला की ट्रॅव्हल्समध्ये शेजारची सीट रिकामी होण्याची गॅरंटी.

समुद्राचं शेवाळ घेऊन समुद्र नसलेल्या गावाला कशाला जायचं? सांगते.

रंगाचा फंडा

मी बीएस्सी केमिस्ट्री, पोटासाठी आयटी. दिवसभर दुसऱ्याचं सॉफ्टवेअर तपासायचं आणि रात्री युट्यूबवर प्रयोग बघत बसायचं. दोनेक वर्षांपूर्वी एका रात्री मला ‘ग्रेट्झेल सेल’ भेटला आणि मी प्रेमातच पडले.

फंडा अगदी सोपा आहे. आपल्या छपरावरचं निळं-काळं सोलर पॅनल म्हणजे सिलिकॉन. ते बनवायला अतिशुद्ध कच्चा माल, मोठ्या भट्ट्या, मोठे कारखाने लागतात. १९९१ मध्ये ब्रायन ओ’रेगन आणि मायकेल ग्रेट्झेल या दोघांनी वेगळीच वाट दाखवली. काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा बारीक सच्छिद्र थर द्यायचा. हा तोच पांढरा पदार्थ, जो भिंतीच्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असतो. तो थर एखाद्या रंगात भिजवायचा. ऊन पडलं की रंग उजेड पकडतो आणि एक इलेक्ट्रॉन त्या पांढऱ्या थराला देतो. तो तारेतून फिरून दुसऱ्या काचेवर येतो आणि मधलं आयोडीनचं द्रावण तो पुन्हा रंगाला परत करतं. झाली वीज! थोडक्यात पान करतं ते काम, फक्त काचेवर.

ग्रेट्झेल यांनी रंग वापरला होता प्रयोगशाळेत बनवलेला, रुथेनियम या महागड्या धातूचा. मग जगभरातल्या पोरापोरींनी विचार केला, महाग रंग कशाला? जास्वंद आहे, पालक आहे, डाळिंब आहे, जांभूळ आहे! आणि त्याच रांगेत शेवाळही आलं.

शेवाळच का, यामागे एक गंमत आहे. पालकातल्या क्लोरोफिलला एक लांब तेलकट शेपूट असते आणि पांढऱ्या थराला घट्ट धरायला त्याच्याकडे नीट हात नसतो. तपकिरी समुद्री शेवाळात मात्र ‘क्लोरोफिल सी’ असतं. त्याला बहुधा ती शेपूट नसते, आणि आम्लाचा एक गट असतो, जो टायटॅनियमला मस्त चिकटतो. मिसो सूपमध्ये तरंगणारं वाकामे खाल्लंय? त्याच शेवाळातून हा रंग वेगळा काढून, शुद्ध करून जपानमधल्या संशोधकांनी साधारण साडेचार टक्के कार्यक्षमता मिळवली होती. अंगणातल्या फुलापानांचा अर्क सहसा एका टक्क्याच्या आसपासच घुटमळतो, त्यामुळे साडेचार म्हणजे जाम भारी!

हे सगळं मी त्या दिवाळीला घरी तोंडभरून सांगितलं होतं. बाबा अंगणात खाटेवर बसून ऐकत होते. काही बोलले नव्हते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुपारी झोपलेला शेतकरी

समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेलाय. मालेगावला बाहेर पडायचं. (नाशिकचं नाही हो, मालेगाव जहांगीर! आमच्याकडे नावांची अशीच गंमत.) पहाटे रस्त्याच्या कडेला पळस दिसायला लागला आणि झोप उडाली. पान एक नाही, झाड नुसतं शेंदरी! लहानपणी धुळवडीला याच फुलांचा रंग उकळायचो. फ्रॉकवर पडलेला तो पिवळा-केशरी डाग चार धुण्यांत गायब व्हायचा. आईला तो म्हणून आवडायचा.

घरी पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि बाबा झोपलेले होते. शेतकरी माणूस, सकाळी साडेनऊला, झोपलेला.

‘रात्रीची पाळी होती,’ आई म्हणाली.

नाईट शिफ्ट फक्त आपल्या बीपीओवाल्यांनाच असते असं वाटतं ना? आमच्या चार एकर वावराला पाणी येतं काकांच्या विहिरीवरच्या मोटरीतून. वाटणीत विहीर त्यांच्याकडे गेली. थ्री फेज लाइन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. दिवसाची लाइन असली की आधी काकांचं वावर भिजतं, रात्रीची उरते ती बाबांना. उन्हाळी भुईमूग थांबत नाही. मग बारा-एकला उठायचं, बॅटरी घ्यायची, काठी घ्यायची आणि दर काही तासांनी स्प्रिंकलरचे पाइप ओल्या वावरात उचलून पुढे न्यायचे. काठी कशासाठी, ते सांगायला नकोच. ओल्या वावरात साप येतात.

गेल्या वर्षी बाबांनी स्वतःची विहीर खणली. पाणी लागलं. पण तिच्यावर अजून मोटर नव्हती, लाइन नव्हती. का नव्हती, ते मी विचारलं नाही. माझं सगळं लक्ष डब्यात होतं.

आणि कॅल्क्युलेटर चालला!

माझ्या जुन्या कॉलेजात केमिस्ट्रीचे सर अजून आहेत. केस पांढरे, उत्साह तोच. लॅबची भट्टी आणि एक दिवस, एवढंच मी मागितलं होतं.

ही रेसिपी कुणालाही जमेल. एका बाजूने वीज वाहून नेणारी खास काच ऑनलाइन मिळते. टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर व्हिनेगरमध्ये घोटायची, दह्यासारखी. काचेच्या कडांना सेलोटेप लावायची, मधे ती पेस्ट ओतायची आणि काचकांडीने एका झटक्यात पसरायची. सेलोटेप काढून साडेचारशे अंशांवर अर्धा तास भाजायची. थंड झाली की रंगात बुडवून ठेवायची. दुसऱ्या काचेवर पेन्सिलीचं शिसं घासायचं, दोन्ही काचा समोरासमोर ठेवून कागदाच्या क्लिपांनी दाबायच्या आणि मधे आयोडीनच्या द्रावणाचे दोन थेंब सोडायचे.

आम्ही तीन रंग घेतले. सरांच्या अंगणातली जास्वंद, रस्त्यावरचा पळस आणि माझं मालवणी शेवाळ. शेवाळ अल्कोहोलमध्ये भिजवल्यावर लॅबला जो काही वास सुटला! शिपाईकाका दार उघडून म्हणाले, ‘सर, मासोळी आणली का?’

दुपारी दोन वाजता आम्ही व्हरांड्यात उभे होतो. वाशिमचं ऊन, मल्टिमीटर आणि आम्ही दोघं. पळस ०.३१ व्होल्ट. जास्वंद ०.३६. शेवाळ ०.३८! चार चौरस सेंटिमीटरच्या काचेतून ०.८ मिलिअँपिअर. शेवाळाचे असे चार सेल आम्ही एकापुढे एक जोडले आणि सरांच्या छोट्या कॅल्क्युलेटरच्या बॅटरीच्या जागी तारा लावल्या. पडद्यावर एक फिकट शून्य उमटलं.

शून्य बघून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. सर चक्क टाळ्या वाजवत होते. मालवणच्या पाण्यात वाढलेलं शेवाळ वाशिमच्या उन्हात बेरजा करत होतं. फोटो काढला, ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, छप्पन्न अंगठे आले. चारही सेल घरी आणून मी गच्चीवर उन्हात ठेवले. उद्याही चालवू म्हटलं.

लोणार : जिवंत रंगाचं तळं

दुसऱ्या दिवशी दादाच्या मागे बाइकवर बसून लोणार. ते बुलडाणा जिल्ह्यात, पण आम्हाला रिसोडमार्गे अगदी हाताशी. लोणारला जाऊन आलेले लोक ‘उल्केचं विवर पाहिलं’ एवढंच सांगतात. व्यास जवळपास १.८ किलोमीटर, काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेला तो खड्डा आणि तळाशी खारट, साबणासारखं अल्कधर्मी पाणी. बरोबर आहे. पण माझ्यासारखी रंगवेडी जाते ती त्या पाण्याचा रंग बघायला.

कडेवर उभं राहून पाहिलं, तर खाली मटाराच्या आमटीसारखं हिरवं तळं. हा हिरवा रंग प्रामुख्याने एका सूक्ष्म जिवाचा, स्पिरुलिनाचा. हो, तोच! तुमच्या जिममधला मित्र ज्या हिरव्या गोळ्या गिळतो तो. कॅफेतल्या निळ्या लाटेमध्ये जो रंग असतो, फायकोसायनिन, तोही याचाच. हा निळा रंग नुसता शोभेचा नाही. क्लोरोफिलला नीट पकडता न येणारा नारिंगी उजेड तो पकडतो आणि क्लोरोफिलच्या हाती देतो. रंगांची ही साखळी इतकी पक्की असते, की पकडलेल्या उजेडातला फारच थोडा वाटेत सांडतो.

जून २०२० मध्ये हेच तळं एकाएकी गुलाबी झालं होतं. व्हॉट्सअॅपवर काय काय फिरलं ते आठवतंय ना? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा मीठ आवडणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटलं होतं, खारटपणा वाढला होता आणि त्यांचं फावलं होतं. गुलाबी रंग त्यांच्या अंगातला. पाऊस झाला, पाणी वाढलं आणि तळं पुन्हा हिरवं झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

कमळजा देवीच्या देवळाजवळ काठावर मी बराच वेळ बसले होते. दादा म्हणाला, ‘घे ना एक बाटली भरून, तुह्या काचेले लाव.’ पण हे अभयारण्य आहे, इथून काही न्यायचं नसतं. आणि तेव्हाच डोक्यात काहीतरी टोचलं. हे पाणी कित्येक पिढ्या हिरवं आहे. ऊन वाशिमइतकंच. मग हा रंग उडत का नाही?

उत्तर पाठ्यपुस्तकातलंच होतं, पण आधी कधी अंगाला भिडलं नव्हतं. रंग उडतो! रोज उडतो. भर उन्हात पानाच्या पेशीतलं उजेड पकडणारं यंत्र सतत बिघडत असतं. त्यातलं डी-१ नावाचं एक प्रथिन तर कडक उन्हात साधारण अर्ध्या तासात बाद होतं आणि पेशी त्या जागी नवं बसवते. तळं हिरवं दिसतं, कारण खाली अखंड दुरुस्ती चालू आहे. रंग टिकाऊ नाही, जीव टिकाऊ आहे.

मला गच्चीवरचे चार सेल आठवले.

वत्सगुल्मचा धडा

परतताना दादाला म्हटलं, बालाजीच्या देवळाकडून चल. देव तलावाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बरं वाटतं. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं त्याने दान दिलं, असं तिथला शिलालेख सांगतो. म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्यात जे रंग लागले, त्यामागे आमच्या गावचा सत्ताधारी होता. (पुढच्या वेळी कुणी वाशी म्हटलं की हे ऐकवायचं ठरवलंय.)

आणि ते रंग कोणते? गेरू, पिवळी माती, चुना, काजळी, लाजवर्द दगडाचा निळा. बहुतेक सगळी खनिजं. म्हणून दीड हजार वर्षांनंतरही अजिंठ्याच्या त्या भिंतींवर चेहरे दिसतात. पळसाने रंगवले असते तर आज भिंत कोरी दिसली असती. टिकतो तो दगडाचा रंग, राबतो तो झाडाचा. आमच्या त्या छोट्या सेलमध्ये दोन्ही होते, खाली पांढरं खनिज आणि वर शेवाळ. खनिजाचं काहीच बिघडणार नव्हतं.

घरी आले आणि थेट गच्चीवर गेले. चारही काचा फिकट पडल्या होत्या. दोन काचांमधलं द्रावण उन्हाने उडून गेलं होतं. नवे थेंब सोडून पाहिले, मल्टिमीटर ०.१९ वर थबकला. कॅल्क्युलेटर गप्प. अवघं दीड दिवसाचं ऊन!

‘म्हनून थांबलो’

त्या रात्री मी हट्टाने बाबांबरोबर वावरात गेले. साडेबाराला लाइन आली. मोटर घुरघुरली, नोझल फिरायला लागले. चांदणं होतं. गारवा होता. इन्स्टाग्रामवर टाकलं असतं तर शंभर लोकांनी ‘सो पीसफुल’ लिहिलं असतं. मी मात्र प्रत्येक पावलाला खाली बघत होते.

बांधावर बसल्यावर बाबांनी विचारलं, ‘मंग? काय म्हनते तुहं शेवाय?’

‘दीड दिवसात रंग उडाला, बाबा.’

‘अस्सं.’ थोडा वेळ गेला. ‘म्हन्जे इहिरीवर बसवाले अजून टाइम लागीन?’

मला कळेना. ‘कुठल्या विहिरीवर?’

‘आपल्या. तू त्या दिवाईले म्हनली होती न, रंगाचे सोलर येनार हायेत, लय सस्ते. पोरगी शिकेल हाय, तिले मालूम. म्हनून थांबलो. नाईतर गावातल्या चार जनायनं सरकारी सोलर पंपाचा फॉर्म भरला तवाच म्या बी भरनार होतो.’

मी काहीच बोलू शकले नाही. पाणी फिरत होतं, त्याचा टप-टप आवाज येत होता. दोन वर्षं! दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे हा माणूस रात्री काठी घेऊन ओल्या वावरात फिरत होता. विहीर खणून तयार होती आणि मोटर बसत नव्हती, कारण मी दिवाळीत तोंडभरून बोलले होते. साडेचार टक्के, जाम भारी! कार्यक्षमता मी सांगितली होती. किती दिवस टिकतं ते सांगितलं नव्हतं, कारण मलाच विचारायचं सुचलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात पाइपापाशी घोणस निघाली होती, हेही मला त्या रात्रीच कळलं. काठीने बाजूला केली म्हणे.

मोबाइल काढला आणि गणित मांडलं. जे दोन वर्षांपूर्वी मांडायला हवं होतं.

आमच्या चार एकराला पाच एचपीचा सौरपंप लागतो. त्याला साधारण ४८०० वॅटची पॅनलं. आजकालचं बरं सिलिकॉन पॅनल उन्हातला पाचवा हिस्सा विजेत बदलतं. म्हणजे २४ चौरस मीटर पॅनलं पुरतात. माझा पुण्यातला वन आरके एवढाच आहे. एक टक्क्याचा फुलापानांचा रंग वापरला, तर ४८० चौरस मीटर, म्हणजे जवळपास पावणेपाच गुंठे. आणि शेवाळाचा कच्चा, न शुद्ध केलेला अर्क? इटलीत मेसिनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये वाकामेच्याच जातीच्या शेवाळावर काम केलं, तेव्हा कार्यक्षमता अर्ध्या टक्क्याच्याही खाली राहिली. जपानी साडेचार टक्के नीट गाळून शुद्ध केलेल्या रंगाचे होते, हे मी दिवाळीत सोयीस्करपणे वगळलं होतं.

मग आमच्या सेलचं. ०.३८ व्होल्ट गुणिले ०.८ मिलिअँपिअर. प्रत्यक्ष काम करून घेताना व्होल्टेज आणि करंट दोन्ही पडतात, म्हणून त्यातले चाळीस टक्के धरले. एका सेलची वीज ०.१२ मिलिवॅट. ४८०० वॅटसाठी किती सेल? चार कोटी. जागा किती? १६,००० चौरस मीटर.

‘म्हन्जे किती?’ बाबांनी विचारलं.

‘चार एकर, बाबा.’

त्यांनी समोर पसरलेल्या भुईमुगाकडे पाहिलं आणि चक्क हसले. ‘सगया वावरात काच अंथरली, त मंग पानी कायले द्या लागते?’

मग रंग बाद?

नाही हो! असं म्हटलं तर मी पुन्हा तीच चूक करीन, फक्त उलट बाजूने.

ग्रेट्झेल सेल कारखान्यात बनलेल्या टिकाऊ रंगांवर छान चालतात, विशेषतः कमी उजेडात. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या स्विसटेक कन्व्हेन्शन सेंटरच्या दर्शनी भागावर त्यांची रंगीत तावदानं २०१४ पासून आहेत. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या एका स्वीडिश हेडफोनच्या पट्टीवरही याच घराण्याचा सेल होता, जो खोलीतल्या दिव्यावरही चार्ज व्हायचा. म्हणजे जिथे वीज चिमूटभर हवी आणि ऊन नाही, तिथे हे घराणं सिलिकॉनला टक्कर देतं.

आणि जिवंत रंग? २०२२ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी पेन्सिल सेलएवढ्या डबीत लोणारच्या स्पिरुलिनाचे दूरचे भाऊबंद शोभतील असे जीव ठेवले आणि त्यांच्या विजेवर एक छोटा प्रोसेसर सहा महिन्यांहून जास्त चालवला. इथे रंग उडाला नाही. कारण तो जिवातून काढलाच नव्हता! तो रोज स्वतःची दुरुस्ती करत होता. उद्या अशा डबीवर वावरातला ओलावा मोजणारा सेन्सर चालेल, असं मला मनापासून वाटतं. मोटर मात्र चालणार नाही. आणि या दोन वाक्यांतला फरक कुणाच्या तरी रात्रीच्या झोपेएवढा असतो.

आपण शहरात बसून ‘भविष्य’ फॉरवर्ड करत असतो. अमुक पानातून वीज, तमुक शेणातून बॅटरी. आपल्याला दोन मिनिटांचा टाइमपास. ऐकणारा कुणीतरी त्यावर आपलं पीक, पैसा, विहीर तोलत असतो, आणि ‘पोरगी शिकेल हाय’ म्हणून विश्वासही ठेवतो.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही राज्याची योजना २०२४ ची. पाण्याचा स्रोत आहे पण वीजजोडणी नाही, अशा शेतकऱ्यांसाठी. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. सातबारा, आधार, पासबुक. बाबांनी कागदांची पिशवी अशी पटकन काढून दिली, की ती दोन वर्षांपासून तयारच असावी. हिस्सा मी भरणार म्हटलं, तर बाबा ‘नको’ म्हणाले. मग म्हणाले, ‘बरं, अर्धा भर. शेवायाचा दंड समज.’

हे लिहीत असताना अर्ज गेलाय, पंप बसायचाय. रात्रीची पाळी असली की मी पुण्यातून बाराला फोन करते. मोटर घुरघुरताना ऐकू येते. पाइप हलवून परत बांधावर येईपर्यंत बाबा फोन चालूच ठेवतात.

उरलेलं शेवाळ सरांनी लॅबसाठी ठेवून घेतलंय. पुढच्या बॅचला दाखवणार म्हणाले. मी त्यांना एकच विनंती केली. मल्टिमीटर पहिल्या दिवशी लावा, आणि तिसऱ्या दिवशीही.

जायचं असेल तर

कधी : फेब्रुवारी-मार्चमध्ये, पळस फुलतो तेव्हा. एप्रिल-मेमध्ये फक्त शूरांनी.
कसं : समृद्धी महामार्गाने मालेगाव किंवा कारंजा, नाहीतर अकोला-पूर्णा लोहमार्गावर वाशिम स्टेशन.
काय पाहाल : बालाजी मंदिर आणि देव तलाव, पद्मतीर्थ, कारंजा-सोहोळ अभयारण्यातले काळवीट, रिसोडमार्गे लोणार.
काय खाल : गोवऱ्यांच्या निखाऱ्यावरचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. तूप मागून घ्या, लाजू नका.
काय न्याल : टोपी, पाण्याची बाटली. शेवाळ न्यायचं असेल तर डब्याला झाकण घट्ट हवं.